प्रीमियर हँडबॉल लीग, २०२३

प्रीमियर हँडबॉल लीगचा २०२३ चा हंगाम हा भारतातील पुरुषांच्या या व्यावसायिक हँडबॉल स्पर्धेचा पहिला हंगाम होता. तो ८ जून ते २५ जून २०२३ या काळात राजस्थानातील जयपूर येथील सवाई मानसिंह इनडोअर स्टेडियममध्ये खेळवला गेला. सहा संघांनी त्यात भाग घेतला. २५ जून रोजी झालेल्या अंतिम सामन्यात महाराष्ट्र आयर्नमेन संघाने गोल्डन ईगल्स उत्तर प्रदेश या संघाचा ३८–२४ असा पराभव करून विजेतेपद मिळवले.

संघ राज्यांच्या किंवा शहरांच्या नावाने उतरले असले तरी सर्व सामने एकाच सभागृहात झाले. त्यामुळे विजेत्या महाराष्ट्र संघाचा एकही सामना महाराष्ट्राच्या भूमीवर झाला नाही. भारतीय खेळाडूंबरोबर परदेशी खेळाडूही संघांत असल्याने स्पर्धेला आंतरराष्ट्रीय रूप आले होते.

पार्श्वभूमी

आजच्या हँडबॉलचे मूळ उत्तर युरोपात आहे. डेन्मार्कमधील शिक्षक होल्गर निल्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या शाळेत हा खेळ सुरू केला आणि १९०६ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत त्याला मैदानी, अकरा खेळाडूंचे रूप मिळाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हेच अकरा खेळाडूंचे हँडबॉल प्रथम समाविष्ट झाले व यजमान जर्मनीने सुवर्णपदक जिंकले. सभागृहातील सात खेळाडूंचे हँडबॉल १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये आले, आणि महिलांची स्पर्धा १९७६ मध्ये माँट्रियल येथे सुरू झाली.

१९३६ च्या बर्लिनशी विदर्भाचाही एक संबंध आहे, जरी तो हँडबॉलमुळे नव्हता. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक त्याच वेळी बर्लिनला गेले होते आणि त्याने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून घडलेल्या क्रीडाशिक्षकांमुळे पुढे विदर्भातील शाळांमध्ये देशी खेळांबरोबर पाश्चात्त्य सांघिक खेळही रुजले.

भारतात हँडबॉलला संघटित रूप १९७२ मध्ये आले. हरियाणातील रोहतक येथे जगतसिंह चौहान यांच्या पुढाकाराने हँडबॉल फेडरेशन ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांच्या हँडबॉलला प्रथमच स्थान मिळाले व यजमान या नात्याने भारतीय संघ त्यात खेळला. मात्र ऑलिंपिकपर्यंत भारताचा हँडबॉल संघ कधी पोहोचलेला नाही.

या मधल्या पन्नास वर्षांत हा खेळ भारतात दोन आधारांवर टिकून राहिला. पहिला आधार शालेय व विद्यापीठीय स्पर्धांचा. दुसरा आधार नोकरी देणाऱ्या विभागांचा. सेनादल, रेल्वे, निमलष्करी दले व राज्यांची पोलीस खाती यांनी खेळाडूंना नोकरी दिली, सरावासाठी वेळ दिला आणि राष्ट्रीय स्पर्धांत आपले संघ उतरवले. म्हणजे हँडबॉल खेळून मिळणारी प्राप्ती ही खेळाची नसून खेळामुळे लागलेल्या नोकरीची असे. खेळाडूला त्याच्या खेळाबद्दलच मोबदला मिळावा, त्यासाठी त्याची संघांकडून बोली लागावी, ही कल्पना या लीगने प्रथमच भारतीय हँडबॉलमध्ये आणली.

लीगची घोषणा २०२० मध्ये झाली होती. ब्लूस्पोर्ट एंटरटेनमेंट ही खाजगी कंपनी तिची प्रवर्तक होती. कोविड–१९ च्या साथीमुळे नियोजित हंगाम पुढे ढकलावा लागला आणि प्रत्यक्ष खेळ सुरू होण्यास २०२३ चा जून उजाडला. या मधल्या काळात इतर खेळांच्या लीगांनी आपापली वाट शोधली होती. २०१४ मध्ये सुरू झालेली प्रो कबड्डी लीग स्थिरावली होती. २०२२ मध्ये प्राइम व्हॉलीबॉल लीगचा पहिला हंगाम हैदराबादला, तर अल्टिमेट खो–खोचा पहिला हंगाम पुण्यात बालेवाडी येथे पार पडला होता. हँडबॉल लीगची रचना या नव्या लीगांच्या साच्यातलीच होती: मोजके संघ, लिलावातून निवडलेले खेळाडू, एकच सभागृह, दोन–तीन आठवड्यांचा हंगाम आणि दूरचित्रवाणीसाठी बेतलेले संध्याकाळचे सामने.

सहभागी संघ

राजस्थान पेट्रियट्स, तेलुगू टॅलन्स, महाराष्ट्र आयर्नमेन, गर्वित गुजरात, गोल्डन ईगल्स उत्तर प्रदेश आणि दिल्ली पॅन्झर्स हे सहा संघ स्पर्धेत होते. खेळाडूंचे वाटप हंगामापूर्वी झालेल्या लिलावातून करण्यात आले.

महाराष्ट्र आयर्नमेनची मालकी पुण्यातील उद्योजक पुनीत बालन यांच्या उद्योगसमूहाकडे होती. बालन यांचा याच सुमारास अल्टिमेट खो–खोमधील मुंबई खिलाडीज या संघातही सहभाग होता. तेलुगू टॅलन्सचे मालक अभिषेक रेड्डी कनकनाला हे प्राइम व्हॉलीबॉल लीगमधील हैदराबाद ब्लॅक हॉक्स संघाचेही मालक होते. क्रिकेटबाहेरच्या खेळांच्या लीगांत गुंतवणूक करणारा वर्ग लहान आहे आणि तीच नावे वेगवेगळ्या खेळांत पुन्हा दिसतात, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

संघांची नावे प्रादेशिक असली तरी खेळाडू त्या प्रदेशातलेच असावेत असा अर्थ त्यातून निघत नाही. लिलावात ज्या संघाची बोली सर्वाधिक, त्या संघाकडे खेळाडू जातो. भारतीय हँडबॉलमधील अनुभवी खेळाडूंचा मोठा भाग हरियाणा, पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश अशा उत्तरेकडील राज्यांतून व सेनादलासारख्या विभागीय संघांतून येतो. त्यामुळे महाराष्ट्राच्या नावाने खेळणारा संघ म्हणजे महाराष्ट्रातील खेळाडूंचा निवड–संघ नव्हे. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरणारा महाराष्ट्राचा संघ राज्य संघटना निवडते. आयर्नमेन हा त्याहून सर्वस्वी निराळा, खाजगी मालकीचा संघ होता. वृत्तपत्रांतील मथळ्यांमध्ये हा फरक अनेकदा पुसला जातो, म्हणून तो येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे.

आंतरराष्ट्रीय स्वरूप

हँडबॉलमध्ये बहुराष्ट्रीय लीग ही संज्ञा युरोपात एका विशिष्ट अर्थाने वापरली जाते. तेथे अनेक छोट्या देशांत उत्तम दर्जाचे एक–दोनच क्लब असतात आणि देशांतर्गत लीगमध्ये त्यांना तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळत नाहीत. म्हणून शेजारी देशांतील क्लब एकत्र येऊन सामाईक लीग चालवतात. २०११ मध्ये आग्नेय युरोपात सुरू झालेली सेहा लीग हे याचे ठळक उदाहरण आहे. तिच्या पहिल्या हंगामाचे विजेतेपद मॅसिडोनियातील स्कोप्ये शहराच्या वार्दार क्लबने मिळवले, आणि पुढील वर्षांत क्रोएशियाचा झाग्रेब व हंगेरीचा वेस्प्रेम हे क्लबही विजेते ठरले. बाल्टिक देशांच्या व बेल्जियम–नेदरलँड्सच्या सामाईक लीगाही याच गरजेतून निघाल्या.

जयपूरच्या हंगामात स्थिती उलट होती. सर्व संघ एकाच देशातील होते आणि आंतरराष्ट्रीय होती ती खेळाडूंची यादी. आयर्नमेनकडून इराणचा जलाल कियानी व इगोर चिसेलिओव्ह खेळले, तर राजस्थान पेट्रियट्सकडून रशियाचा दिमित्री किरेयेव्ह खेळला. इराण हा आशियाई हँडबॉलमधील प्रस्थापित देशांपैकी एक आहे. कतार, बहरीन, कुवेत, सौदी अरेबिया, दक्षिण कोरिया व जपान यांच्याबरोबरीने तो आशियाई अजिंक्यपद स्पर्धांत सातत्याने पुढच्या फळीत असतो. भारतीय संघाची अशा देशांशी गाठ एरवी दोन वर्षांतून एखाद्या वेळी पडते आणि ती बहुधा मोठ्या फरकाच्या पराभवाने संपते. लीगमध्ये मात्र भारतीय बचावपटूला अशा दर्जाच्या खेळाडूसमोर रोज सरावात व सामन्यात उभे राहावे लागले. परदेशी खेळाडू आणण्यामागील खेळाच्या दृष्टीने सर्वांत समर्थनीय कारण हेच होते.

जूनचा महिना निवडण्यातही याचा विचार दिसतो. युरोपातील क्लब हँडबॉलचा हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन जूनमध्ये संपतो. २०२३ ची चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी १७ व १८ जून रोजी जर्मनीतील कोलोन येथे झाली आणि माग्देबुर्गने पोलंडच्या किएल्त्से क्लबला अवघ्या एका गोलने, ३०–२९ असे, हरवले. म्हणजे जयपूरचा हंगाम मध्यावर असताना युरोपचा हंगाम संपत होता. या महिन्यात तेथील बहुतेक क्लबांचे करार मोकळे असतात किंवा खेळाडू सुटीवर असतात.

स्पर्धेचे स्वरूप

साखळी फेरीत प्रत्येक संघ उरलेल्या पाच संघांशी दोनदा खेळला. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला दहा आणि एकूण तीस साखळी सामने आले. गुणतालिकेतील पहिले चार संघ उपांत्य फेरीत गेले. दोन उपांत्य व एक अंतिम सामना धरून हंगामात एकूण ३३ सामने झाले.

हे सर्व अठरा दिवसांत आटोपले. अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाला या अठरा दिवसांत बारा सामने खेळावे लागले, म्हणजे सरासरी दर दीड दिवसाला एक. तुलनेसाठी, जर्मनीच्या बुंडेसलिगामध्ये अठरा संघ असून प्रत्येक संघ ३४ साखळी सामने जवळपास दहा महिन्यांत खेळतो. हँडबॉल हा अंगलगीचा खेळ आहे. बचावात खांद्याला खांदा भिडतो, पिव्होटला दोन बचावपटूंच्या मध्ये धक्के सोसत उभे राहावे लागते, आणि उंच उडी मारून चेंडू फेकणाऱ्याचे सारे वजन एका पायावर उतरते. घोटा, गुडघा व फेकीचा खांदा हे या खेळातील दुखापतींचे नेहमीचे ठिकाण आहे. इतक्या दाट वेळापत्रकात पहिल्या सात खेळाडूंच्या गुणवत्तेइतकेच राखीव खेळाडूंच्या खोलीला महत्त्व येते. हँडबॉलमध्ये बदली खेळाडूंवर संख्येची मर्यादा नसते व खेळ न थांबवता अदलाबदल करता येते. त्यामुळे ज्याच्याकडे आक्रमणासाठी व बचावासाठी वेगळे खेळाडू उभे करण्याची सोय असेल, त्या संघाला हंगामाच्या उत्तरार्धात लाभ होतो.

एकाच सभागृहात सर्व सामने घेण्याचे कारण मुख्यतः आर्थिक होते. सहा शहरांत सामने न्यायचे तर प्रवास, निवास, सभागृहांचे भाडे आणि प्रत्येक ठिकाणी मैदानाचे आच्छादन व प्रक्षेपणाची यंत्रणा यांचा खर्च अनेक पटींनी वाढतो. पहिल्याच हंगामात तो भार पेलणे कठीण असते. सवाई मानसिंह इनडोअर स्टेडियम हे प्रो कबड्डीतील जयपूर पिंक पँथर्सचे घरचे सभागृह असल्याने लीगच्या सामन्यांसाठी लागणारी व्यवस्था तेथे आधीपासून होती. या सोयीची किंमत प्रेक्षकांच्या रूपाने मोजावी लागली. राजस्थानचा अपवाद वगळता पाच संघांचे पाठीराखे सभागृहापासून शेकडो किलोमीटर दूर होते आणि घरच्या मैदानाचा फायदा नावाची गोष्ट केवळ एकाच संघासाठी शिल्लक राहिली होती.

खेळाचे नियम

हँडबॉलचे मैदान ४० मीटर लांब व २० मीटर रुंद असते. प्रत्येक संघाचे गोलरक्षक धरून सात खेळाडू मैदानात उतरतात. गोलची चौकट ३ मीटर रुंद व २ मीटर उंच असते. तिच्यापुढे सहा मीटरवर आखलेल्या रेषेच्या आत फक्त गोलरक्षकाला पाय ठेवता येतो. आक्रमक खेळाडूला मात्र या रेषेबाहेरून उडी मारून, जमिनीला पाय लागण्यापूर्वी हवेतूनच चेंडू गोलमध्ये मारण्याची मुभा असते, आणि हँडबॉलमधील प्रेक्षणीय गोल बहुधा असेच होतात. चेंडू हातात घेऊन तीनपेक्षा अधिक पावले टाकता येत नाहीत व तीन सेकंदांहून जास्त काळ तो धरून ठेवता येत नाही. गोलची स्पष्ट संधी नियमबाह्य रीतीने हिरावून घेतल्यास सात मीटरवरून थेट फेक मिळते. सामना तीस–तीस मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो.

आडदांडपणा करणाऱ्या खेळाडूला दोन मिनिटांसाठी मैदानाबाहेर जावे लागते व तेवढा वेळ त्याचा संघ एका खेळाडूने कमी असतो. जवळ आलेल्या सामन्यांचे निकाल पुष्कळदा याच दोन मिनिटांत ठरतात.

जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाने काही नियम बदलले. पंचांनी संथ खेळाची सूचना दिल्यानंतर पूर्वी सहा पास करता येत, ते आता चारच करता येतात. जवळून मारलेला चेंडू विनाअडथळा गोलरक्षकाच्या डोक्यावर लागल्यास मारणाऱ्याला दोन मिनिटांची शिक्षा होते. जयपूरचा हंगाम हा भारतातील बहुतेक खेळाडूंसाठी या बदललेल्या नियमांखालील पहिल्या मोठ्या स्पर्धांपैकी एक होता. चार पासांच्या मर्यादेमुळे चेंडू फिरवत राहून आघाडी टिकवण्याचा जुना मार्ग अरुंद झाला आहे.

अंतिम सामना

अंतिम सामना रविवार, २५ जून २०२३ रोजी महाराष्ट्र आयर्नमेन व गोल्डन ईगल्स उत्तर प्रदेश यांच्यात झाला. आयर्नमेनने तो ३८–२४ असा जिंकला.

साठ मिनिटांच्या खेळात दोन्ही बाजूंनी मिळून ६२ गोल झाले, म्हणजे मिनिटाला एकापेक्षा किंचित अधिक. हँडबॉलच्या मानाने हा वेग असाधारण नाही. असाधारण आहे तो चौदा गोलांचा फरक. साखळी फेरीतून तावून निघालेल्या दोन संघांत अंतिम लढतीत इतके अंतर सहसा राहत नाही. त्याच महिन्यात कोलोन येथे झालेल्या युरोपीय अंतिम सामन्यातील एका गोलच्या फरकाशी तुलना केल्यास हे अंतर अधिक उठून दिसते.

हँडबॉलमध्ये मोठी आघाडी कशी तयार होते, हे समजण्यासाठी खेळाची एक खोच ध्यानात घ्यावी लागते. येथे चेंडू गमावण्याची शिक्षा लगेच मिळते. चुकलेला पास किंवा गोलरक्षकाने अडवलेली फेक क्षणात प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाते आणि विंगला धावणारा खेळाडू मोकळ्या मैदानात एकट्या गोलरक्षकासमोर पोहोचतो. यालाच फास्ट ब्रेक म्हणतात. पिछाडीवर पडलेला संघ घाईने फेकी मारू लागतो, त्यांतील अधिक फेकी वाया जातात आणि अधिक फास्ट ब्रेक बसतात. पिछाडी भरून काढण्यासाठी गोलरक्षकाला बाहेर काढून सातवा खेळाडू आक्रमणात उतरवण्याची मुभा नियमात आहे, पण चेंडू हातचा गेला की रिकाम्या गोलमध्ये अर्ध्या मैदानावरूनही तो टाकता येतो. चार–पाच गोलांची पिछाडी त्यामुळे शेवटच्या वीस मिनिटांत पाहता पाहता दुप्पट होऊ शकते.

या विजयामुळे लीगच्या इतिहासातील पहिल्या विजेत्याचा मान महाराष्ट्राच्या नावाने खेळणाऱ्या संघाकडे गेला. प्रो कबड्डी लीगच्या २०१४ मधील पहिल्या हंगामात मुंबईच्या यू मुंबा संघाला अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सकडून हार पत्करावी लागली होती. हँडबॉलमध्ये महाराष्ट्राच्या संघाने पहिले विजेतेपद मिळवले ते पिंक पँथर्सच्याच सभागृहात, हा एक योगायोग.

प्रक्षेपण

हंगामाचे प्रक्षेपण हक्क वायकॉम १८ कडे होते. सामने स्पोर्ट्स १८ या वाहिनीवर व जिओसिनेमा या मोबाइल मंचावर दाखवले गेले. २०२३ च्या इंडियन प्रीमियर लीगच्या सामन्यांमुळे जिओसिनेमा तोपर्यंत ग्रामीण भागातील मोबाइलवरही पोहोचलेले होते. घरच्या मैदानावर सामने नसल्याने बहुसंख्य मराठी प्रेक्षकांसाठी मोबाइलचा पडदा हेच या हंगामाचे प्रेक्षागृह होते.

यवतमाळ व अमरावती विभागातील हँडबॉल

राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाने शालेय स्पर्धांसाठी महाराष्ट्राचे आठ विभाग केले असून यवतमाळ जिल्हा अमरावती विभागात येतो. शालेय हँडबॉल स्पर्धा मुले व मुली अशा दोन्ही गटांत १४, १७ व १९ वर्षांखालील वयोगटांसाठी घेतली जाते. जिल्हास्तरावर जिंकलेला शाळेचा संघ विभागीय स्पर्धेत, तेथून राज्य स्पर्धेत जातो आणि राज्य स्पर्धेतून निवडलेला संघ राष्ट्रीय शालेय स्पर्धेत उतरतो. महाविद्यालयात गेल्यावर यवतमाळच्या खेळाडूला संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा व तेथून आंतरविद्यापीठ स्पर्धा हा मार्ग उपलब्ध असतो.

सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात हँडबॉल बहुतेक ठिकाणी मातीच्या मैदानावर खेळला जातो. फक्कीने आखलेल्या रेषा आणि दोन लोखंडी चौकटी एवढ्यावर खेळ सुरू होतो, हे त्याच्या शालेय प्रसाराचे एक कारण आहे. पण माती आणि सभागृहातील कृत्रिम पृष्ठभाग यांतला फरक मोठा असतो. मातीवर चेंडूची उसळी अनिश्चित असते, उडी मारून पडताना कातडी सोलते, आणि चेंडू हाताला चिकटावा म्हणून वापरले जाणारे राळेसारखे द्रव्य धुळीत निरुपयोगी ठरते. जिल्हा पातळीवरचा चांगला खेळाडू प्रथमच सभागृहात खेळतो तेव्हा पावलांची लय व थांबण्याचे अंतर त्याला नव्याने बसवावे लागते. जयपूरच्या सामन्यांतील वेग आणि यवतमाळच्या शालेय मैदानावरील वेग यांतील अंतराचा बराचसा भाग गुणवत्तेचा नसून पृष्ठभागाचा आहे.

हंगामाच्या तारखाही येथील शालेय वर्षाशी जुळणाऱ्या नव्हत्या. उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. २५ जूनला अंतिम सामना झाला तेव्हा यवतमाळमधील शाळा बंदच होत्या, आणि खेड्यांत कपाशी–सोयाबीनच्या पेरणीची लगबग होती. क्रीडाशिक्षकांनी मुलांना एकत्र बसवून सामने दाखवावेत, त्यांतल्या चाली समजावून सांगाव्यात, असा उपयोग त्यामुळे विदर्भात होऊ शकला नाही.

भौगोलिकदृष्ट्या आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा तेलंगणाला लागून आहे आणि पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ थेट हैदराबादला पोहोचतो. यवतमाळहून हैदराबाद हे पुण्यापेक्षा जवळ पडते. आयर्नमेनचे घरचे सामने पुण्यात आणि टॅलन्सचे हैदराबादेत झाले असते, तरी यवतमाळच्या प्रेक्षकाला परक्या संघाचे सभागृह आपल्या संघाच्या सभागृहाहून जवळचे ठरले असते. विदर्भासाठी खऱ्या अर्थाने घरचा सामना म्हणजे नागपूरचाच.

खेळाडूंचे आर्थिक हित व संघटनात्मक प्रश्न

महाराष्ट्रात खेळाकडे वळणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यासमोर दोन ठोस लाभ असतात. दहावी–बारावीच्या परीक्षेत मिळणारे सवलतीचे क्रीडागुण हा पहिला. शासकीय नोकरीत अत्युच्च गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी असलेले पाच टक्के समांतर आरक्षण हा दुसरा. या आरक्षणासाठी कोणत्या स्पर्धा व कोणत्या संघटनांची प्रमाणपत्रे ग्राह्य धरायची, हे शासन निर्णयांनी ठरते, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालक कार्यालयात होते. यवतमाळसारख्या जिल्ह्यातील पालकाच्या दृष्टीने हँडबॉलची किंमत आजवर या दोन लाभांवरूनच ठरत आली आहे. लीगने तिसरी शक्यता पुढे ठेवली ती कराराच्या मानधनाची. मात्र अठरा दिवसांच्या हंगामाचे मानधन आणि निवृत्तीपर्यंतची नोकरी यांची तुलना होऊ शकत नाही. लीगमध्ये खेळणाऱ्या भारतीय खेळाडूंपैकी अनेक जण विभागीय नोकरीत होते व हंगाम संपताच आपापल्या विभागांत परतणार होते. लीगने विभागीय नोकरीची व्यवस्था मोडली नाही. ती तिच्याच आधारावर उभी राहिली.

संघटनांतील वादाचा प्रश्न याहून गंभीर होता. २०२२–२३ च्या सुमारास राष्ट्रीय पातळीवर हँडबॉल फेडरेशन ऑफ इंडिया आणि हँडबॉल असोसिएशन इंडिया अशा दोन संघटना खेळाच्या नियंत्रणावर दावा सांगत होत्या. खाजगी लीगला अशा वादातूनही आपला हंगाम पार पाडता येतो, कारण तिचे खेळाडू कराराने बांधलेले असतात. शालेय वा कनिष्ठ गटातील खेळाडूची स्थिती वेगळी असते. त्याने ज्या स्पर्धेत पदक मिळवले ती भरवणारी संघटना मान्यताप्राप्त आहे की नाही, यावर त्याच्या प्रमाणपत्राचे मोल अवलंबून राहते, आणि वादाचा निकाल लागेपर्यंत भरतीची वयोमर्यादा थांबत नाही.

महिला हँडबॉलचे स्थान

२०२३ चा हंगाम केवळ पुरुषांचा होता. आंतरराष्ट्रीय कामगिरीचा विचार केल्यास हा क्रम विचित्र वाटतो. लीगच्या पंधरा महिने आधी, मार्च २०२२ मध्ये, कझाकस्तानातील अल्माटी येथे झालेली आशियाई कनिष्ठ महिला हँडबॉल अजिंक्यपद स्पर्धा भारतीय मुलींनी जिंकली होती. अंतिम सामन्यात त्यांनी थायलंडला ४१–१८ असे हरवले. आशियाई पातळीवरील भारताचे हे पहिले अजिंक्यपद होते. त्याच वर्षी भारतीय कनिष्ठ महिला संघ स्लोव्हेनियातील जागतिक स्पर्धेत खेळला. पुरुष संघाच्या नावावर अशी कामगिरी नव्हती. शालेय स्तरावर मुलामुलींच्या स्पर्धा सारख्याच वयोगटांत होत असल्या, तरी एकोणीस वर्षांनंतर मुलींसाठी विद्यापीठ, रेल्वे व पोलीस दले हेच मार्ग होते आणि जयपूरच्या लिलावात त्यांच्यासाठी जागा नव्हती.